पाण्यात नेमकं काय उतरलं?

काचेच्या बशीत दहा मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाणी घेतलेलं आहे. पृष्ठभागापासून काही मिलिमीटर वर धातूची एक सुई आहे आणि तिला काही हजार व्होल्टचा वीजपुरवठा जोडलेला आहे. बटण दाबलं की सुईच्या टोकापासून पाण्यापर्यंत जांभळट तंतू थरथरू लागतात, बारीक चरचर ऐकू येते आणि नाकाला झोंबणारा वास पसरतो. पाच-दहा मिनिटांनी वीज बंद केली, तर पाणी दिसायला होतं तसंच असतं. स्वच्छ, बिनरंगाचं, फार तर जरासं कोमट. पण सामू मोजायची पट्टी त्यात बुडवली की ती लालसर होते. सुरुवातीला सातच्या आसपास असलेला सामू तीनवर आलेला असतो. या पाण्यात जिवाणू सोडले तर ते मरतात, आणि हा गुण वीज बंद केल्यावरही काही काळ टिकून राहतो.

बाहेरून त्यात काहीच घातलेलं नाही. जे काही झालं ते हवा, पाणी आणि वीज यांच्यातच झालं. जखमा धुण्यासाठी, भाज्यांवरचे जंतू मारण्यासाठी, बियाणं चांगलं उगवावं म्हणून हे पाणी वापरता येईल का, यावर गेली वीसेक वर्षं जगभर काम चाललं आहे. आपल्याकडे गांधीनगरजवळच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेतही ते चालतं. पण उपयोगाच्या आधी एक प्रश्न सुटावा लागतो. पाण्यात नेमकं काय उतरलं, आणि किती?

हा प्रश्न वाटतो तेवढा सरळ नाही. रसायनाच्या वर्गात आपण शिकतो की अमुक अभिकर्मक घातला, तमुक रंग आला, म्हणजे तो पदार्थ हजर. या पाण्यात तसं म्हणता येत नाही. इथे रंग ही एका साक्षीदाराची साक्ष असते, आणि तिची उलटतपासणी झाल्याशिवाय निकाल देता येत नाही. हे प्रकरण त्या उलटतपासणीचं आहे.

हवेतून वीज काय काढते

वेल्डिंगच्या ठिणगीत सगळेच कण तापलेले असतात. बशीवरचे ते जांभळट तंतू म्हणजे शीत प्लाझ्मा, विजेने अंशतः आयनित झालेला वायू. त्यात ऊर्जेची वाटणी फार असमान असते. विद्युतक्षेत्र हलक्या इलेक्ट्रॉनांना झपाट्याने पळवतं, जड रेणूंना मात्र फारसं हलवू शकत नाही. इलेक्ट्रॉनांची सरासरी ऊर्जा एक-दोन इलेक्ट्रॉनव्होल्ट किंवा त्याहून थोडी जास्त असते. एक इलेक्ट्रॉनव्होल्ट म्हणजे तापमानाच्या हिशेबात सुमारे ११,६०० केल्व्हिन. त्याच वेळी त्यांच्या भोवतीचा वायू खोलीच्या तापमानाच्या जवळपास असतो. म्हणूनच अशा प्लाझ्माची काही यंत्रं थेट माणसाच्या त्वचेवर वापरता येतात. जर्मनीतल्या ग्राइफ्सवाल्ड इथे विकसित झालेल्या आर्गॉनच्या एका प्लाझ्मा पेनला २०१३ मध्ये युरोपात वैद्यकीय उपकरण म्हणून मान्यता मिळाली.

हे वेगवान इलेक्ट्रॉन हवेतल्या रेणूंवर आदळतात. ऑक्सिजनचा रेणू फुटून सुटे अणू निघतात, आणि त्यांतला एखादा दुसऱ्या ऑक्सिजन रेणूला चिकटला की ओझोन होतो. नायट्रोजन उत्तेजित होतो आणि त्यातून नायट्रिक ऑक्साइड व नायट्रोजन डायऑक्साइड बनतात. पाण्याची वाफ फुटून हायड्रॉक्सिल मूलक सुटतो. दोन हायड्रॉक्सिल जुळले की हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. वीज आणि हवा यांच्यातलं हे रसायन नवं नाही. हेन्री कॅव्हेंडिशने १७८५ मध्येच हवेत सतत ठिणग्या पाडून, खालच्या पोटॅशच्या द्रावणात सोरा मिळवला होता. १९०३ मध्ये नॉर्वेत बिर्कलँड आणि एइडे यांनी त्याच तत्त्वावर विजेच्या प्रखर ज्वालेतून खतासाठी नायट्रेट बनवण्याची पद्धत काढली.

हवेत जे बनतं ते सगळं सारख्या सहजतेने पाण्यात उतरत नाही. हायड्रोजन पेरॉक्साइडला पाण्याची ओढ जबरदस्त आहे. ओझोनच्या तुलनेत ते कित्येक लाख पटींनी सहज विरघळतं. नायट्रिक ऑक्साइड तर ओझोनहूनही कमी विरघळतं. नायट्रोजन डायऑक्साइडसारखे जास्त ऑक्सिजन असलेले ऑक्साइड पाण्यात शिरून नायट्रस आणि नायट्रिक आम्ल बनतात, आणि सामू खाली येतो तो मुख्यतः त्यांच्यामुळे. त्यामुळे वायूत काय आहे ते मोजलं म्हणून पाण्यातलं कळत नाही. पाण्याची तपासणी वेगळीच करावी लागते.

कोणाचं आयुष्य किती

तपासणी कशी करायची हे आयुष्यावर ठरतं. नायट्रेट स्थिर असतं, ते आठवडाभराने मोजलं तरी सापडतं. नायट्राइट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड एकेकटे असले तर बरेच दिवस टिकतात. एकत्र असले तर काय होतं, ते पुढे येईलच. ओझोन शुद्ध पाण्यात काही मिनिटं राहतो. पेरॉक्सिनायट्राइट, म्हणजे पुढे भेटणाऱ्या पेरॉक्सिनायट्रस आम्लाचा आयन, उदासीन सामूला एका सेकंदाच्या आसपास विघटित होतं. त्यापुढचे पाहुणे मात्र फारच अल्पायुषी. उत्तेजित अवस्थेतला ऑक्सिजन, ज्याला सिंगलेट ऑक्सिजन म्हणतात, तो पाण्यात सुमारे साडेतीन मायक्रोसेकंद जगतो. हायड्रॉक्सिल मूलकाला जवळपास कोणताही सेंद्रिय रेणू चालतो, त्यामुळे पेशींच्या गर्दीत त्याचं आयुष्य नॅनोसेकंदांत मोजावं लागतं.

या आकड्यांचा अर्थ अंतरात पाहू. एका मायक्रोसेकंदात हायड्रॉक्सिल पाण्यातून पसरत पसरत साधारण ७० नॅनोमीटर सरकतो. माणसाच्या केसाची जाडी याच्या सुमारे हजारपट. म्हणजे वरून पडलेला हायड्रॉक्सिल पाण्याच्या सर्वांत वरच्या पापुद्र्यातच संपतो. बशीतून पिपेटने नमुना उचलून उपकरणापर्यंत न्यायला दहा सेकंद लागले, तर त्या काळात लाखो पिढ्या होऊन गेलेल्या असतात. अशा पदार्थाला नंतर शोधण्यात अर्थ नसतो. त्याला पकडणारा आधीच पाण्यात हजर ठेवावा लागतो.

बिअरच्या कारखान्यातला गुलाबी रंग

सोप्यापासून सुरुवात करू. नायट्राइट शोधायची सर्वांत भरवशाची पद्धत एका बिअरच्या कारखान्यात नोकरी करणाऱ्या रसायनशास्त्रज्ञाची आहे. पीटर ग्रीस मूळचा जर्मन. इंग्लंडमधल्या बर्टन-अपॉन-ट्रेंट या गावी ऑलसॉपच्या कारखान्यात तो कामाला होता आणि फावल्या वेळात संशोधन करायचा. डायझो संयुगं त्याने १८५८ मध्येच शोधली होती, आणि १८७९ मध्ये त्यांच्यावर बेतलेली नायट्राइटची चाचणी त्याने दिली.

आजच्या रूपात ती अशी होते. नमुन्यात आम्ल आणि सल्फानिलामाइड घालतात. नायट्राइट असेल तर त्यातून डायझोनियम संयुग बनतं. मग नॅफ्थाइल-एथिलीनडायअमीन नावाचा दुसरा अभिकर्मक घातला की दोघं जुळून गर्द गुलाबी रंग तयार होतो. थोडा वेळ थांबून द्रावण एक सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये ओततात आणि ५४० नॅनोमीटर तरंगलांबीचा हिरवा प्रकाश त्यातून सोडतात. किती प्रकाश गिळला गेला, ते सोडियम नायट्राइटच्या ज्ञात द्रावणांच्या आलेखाशी ताडून पाहिलं की नायट्राइटचं प्रमाण हाती येतं. ही चाचणी तुमच्या ओळखीची आहे. पॅथॉलॉजी लॅबमध्ये लघवीत बुडवायच्या पट्टीवर ‘नायट्राइट’चा जो चौकोन असतो, तो याच अभिक्रियेने गुलाबी होतो. मूत्रमार्गातले काही जिवाणू नायट्रेटचं नायट्राइट करतात, म्हणून तो चौकोन संसर्गाची खूण ठरतो.

नायट्रेटकडे ग्रीसची चाचणी ढुंकूनही पाहत नाही. ते मोजायचं तर आधी त्याचं नायट्राइटमध्ये रूपांतर करायचं, पुन्हा चाचणी घ्यायची आणि दोन उत्तरांची वजाबाकी करायची. नाहीतर आयन क्रोमॅटोग्राफीच्या नळीतून दोन्ही आयन वेगवेगळ्या वेळी बाहेर काढायचे. पैसे आणि यंत्र असेल तर दुसरा मार्ग बरा.

हायड्रोजन पेरॉक्साइडसाठी टायटॅनिल सल्फेट वापरतात. त्याच्या आम्लयुक्त द्रावणात पेरॉक्साइड मिसळलं की पिवळा रंग येतो, आणि तो ४०७ नॅनोमीटरच्या आसपास मोजता येतो. इथपर्यंत सगळं पुस्तकातल्यासारखं. पण नमुना प्लाझ्माच्या पाण्याचा असेल तर मेख त्या आम्लातच असते. पाण्यात पेरॉक्साइडबरोबर नायट्राइटही आहे. हे दोघं उदासीन पाण्यात शांत राहतात, पण आम्ल वाढलं की एकमेकांना खाऊ लागतात. अभिकर्मकातलं तीव्र आम्ल पडताच पेरॉक्साइडचा काही भाग मोजला जाण्याआधीच संपतो, आणि उत्तर कमी येतं. कमी आलेला आकडा पाहून कोणालाही शंका येत नाही, हे जास्त वाईट.

उपाय साधा, पण क्रम पाळावा लागतो. नमुना घेताक्षणी त्यात सोडियम अॅझाइड मिसळायचं. नंतर आम्ल पडलं की अॅझाइड नायट्राइटवर झडप घालतं आणि त्याचं नायट्रोजन व नायट्रस ऑक्साइड या वायूंत रूपांतर करून टाकतं. पेरॉक्साइड शाबूत राहतं आणि पिवळा रंग खरं सांगतो. अॅझाइड आधी आणि टायटॅनिल नंतर. उलट केलं तर अॅझाइड घातल्याचा उपयोगच होत नाही. अॅझाइड जहाल विषारी असल्यामुळे हे काम हातमोजे घालून, धूर खेचणाऱ्या कपाटातच करायचं.

निळीची खोटी साक्ष

ओझोनच्या बाबतीत गोष्ट आणखी गुंतते. ओझोनचा शोधच साक्षीदारांच्या भांडणातून पुढे गेलेला आहे. बाझेलमध्ये शिकवणाऱ्या क्रिस्टिआन शोनबाइनने १८३९-४० च्या सुमारास तो विशिष्ट वास ओळखला आणि ओझोन हे नाव दिलं. त्याने पोटॅशियम आयोडाइड आणि स्टार्चची कागदी पट्टीही बनवली. ओझोन लागला की आयोडिन सुटतं आणि स्टार्च निळं होतं. एकोणिसाव्या शतकात हवेतला ओझोन मोजायला या पट्ट्या ठिकठिकाणी टांगल्या गेल्या. पण आयोडाइडमधून आयोडिन सोडवणारा ओझोन एकटा नव्हता. नायट्रोजनचे ऑक्साइडही तेच करत, आणि हवेतल्या दमटपणानेही रंगाची छटा बदलत असे. पट्टी निळी झाली याचा अर्थ एवढाच होता की हवेत काहीतरी ऑक्सिडीकारक आहे.

१९८१ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाडर आणि होइन्ये यांनी पाण्यातल्या ओझोनसाठी इंडिगोची पद्धत दिली. कापडाला घालायच्या निळीचंच हे पाण्यात विरघळणारं रूप, इंडिगो ट्रायसल्फोनेट. ६०० नॅनोमीटरला ते प्रकाश जोरात शोषतं. ओझोन त्याच्या रेणूच्या मधोमध असलेला दुहेरी बंध तोडतो आणि निळा रंग उडतो. रंग जितका उडाला तितका ओझोन. नळाचं पाणी ओझोनने शुद्ध करणाऱ्या केंद्रांत ही पद्धत उत्तम चालते, कारण तिथे पाण्यात ओझोनशिवाय फारसं कोणी नसतं.

प्लाझ्माच्या पाण्यात ही नीळ घातली की तिचाही रंग उडतो. म्हणून अनेक शोधनिबंधांत ‘ओझोन’ या नावापुढे आकडे छापले गेले. २०१८ मध्ये ब्रातिस्लाव्हाच्या कोमेनियस विद्यापीठातल्या गटाने प्राहामधल्या सहकाऱ्यासह हवेतल्या प्लाझ्मासाठी ही पद्धत आणि ग्रीसची चाचणी, दोन्ही कसून तपासल्या. ग्रीसची चाचणी टिकली, नीळ मात्र उलटतपासणीत फुटली. त्यांचा निष्कर्ष असा होता की इतर क्रियाशील पदार्थ हजर असताना इंडिगोचा रंग उडणं हा ओझोनचा पुरावा धरता येत नाही.

कारण पाहण्यासारखं आहे. इंडिगोची चाचणी सामू दोनच्या आसपास करतात. त्या आम्लात नायट्राइट आणि पेरॉक्साइड जुळून पेरॉक्सिनायट्रस आम्ल तयार होतं, आणि तेही निळीचा रंग उडवतं. म्हणजे चाचणीसाठी घातलेलं आम्लच खोटा पुरावा तयार करतं. पाण्यात ओझोनचा एक रेणूही नसला तरी निकाल ‘ओझोन आहे’ असा येऊ शकतो.

इथे यंत्रापेक्षा जुनं रसायनशास्त्र जास्त कामाला येतं. ओझोन आणि नायट्राइट एका भांड्यात नांदत नाहीत. ओझोन नायट्राइटचं चटकन नायट्रेट करून टाकतो. पाण्यात लिटरमागे एक दशसहस्रांश मोल नायट्राइट असेल तर विरघळलेला ओझोन सेकंदाच्या काही शतांशांतच संपतो. तेव्हा ग्रीसच्या चाचणीत गडद गुलाबी रंग आला आणि त्याच नमुन्यात निळीने भरपूर ओझोन दाखवला, तर दोघांपैकी एक चुकत आहे. ग्रीसची चाचणी पारखलेली असल्यामुळे संशय निळीवरच जातो. वायूच्या बाजूनेही तपास करता येतो. विजेच्या विसर्गाची शक्ती वाढवली की नायट्रिक ऑक्साइड वाढतो आणि तो ओझोनला वायूतच खातो. त्यामुळे एकच यंत्र कमी शक्तीवर ओझोन देतं आणि जास्त शक्तीवर नायट्रोजनचे ऑक्साइड देतं.

जे टिकत नाही ते पकडायचं कसं

आता मायक्रोसेकंदांचे पाहुणे. त्यांच्यासाठी पाण्यात आधीच एखादा रेणू घालून ठेवतात. तो त्यांना पकडून स्वतः बदलतो, आणि हा बदल टिकाऊ असतो.

हायड्रॉक्सिलसाठी टेरेफ्थॅलिक आम्ल स्वस्त आणि सोयीचं आहे. त्याला हायड्रॉक्सिल चिकटला की बनणारा पदार्थ ३१० नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात ४२५ नॅनोमीटरचा निळा प्रकाश टाकतो. पण पकडलेल्या हायड्रॉक्सिलपैकी साधारण एक-तृतीयांशच या चमकणाऱ्या पदार्थात जातात, बाकीचे दुसऱ्या वाटा धरतात. हा हिशेब विसरला तर उत्तर तिपटीने चुकतं.

दुसरा मार्ग इलेक्ट्रॉन पॅरामॅग्नेटिक रेझोनन्सचा. येव्गेनी झावोइस्की यांनी १९४४ मध्ये कझानमध्ये हे तंत्र शोधलं. मूलकाकडे एक जोडीदार नसलेला इलेक्ट्रॉन असतो. चुंबकीय क्षेत्रात त्याच्या दोन अवस्थांची ऊर्जा वेगळी होते, आणि नेमक्या वारंवारितेचे सूक्ष्मतरंग तो शोषतो. हायड्रॉक्सिल स्वतः इतका वेळ थांबत नाही, म्हणून पाण्यात डीएमपीओ नावाचा ‘स्पिन सापळा’ घालतात. हायड्रॉक्सिल त्याला चिकटला की तुलनेने टिकाऊ मूलक बनतो. त्याच्या आलेखावर एकास दोनास दोनास एक अशा उंचीची चार शिखरं येतात. या क्षेत्रातल्या माणसाला ती दुरूनही ओळखू येतात.

या चार शिखरांचीही चौकशी करावी लागते. सुपरऑक्साइड, म्हणजे एक जादा इलेक्ट्रॉन घेतलेला ऑक्सिजनचा रेणू, पकडल्यावर बनणारं डीएमपीओचं संयुग मिनिटभरात मोडतं आणि त्यातून हायड्रॉक्सिलचं संयुग तयार होऊ शकतं. म्हणजे आलेखावर हायड्रॉक्सिल दिसतो, पण मूळचा पाहुणा सुपरऑक्साइड असू शकतो. म्हणून दोन प्रतिप्रयोग करतात. एकात सुपरऑक्साइड डिसम्युटेज हे विकर घालतात. त्याने शिखरं खाली आली तर सुपरऑक्साइडचा हात होता. दुसऱ्यात डायमिथाइल सल्फॉक्साइड घालतात. हायड्रॉक्सिल खराच असेल तर तो आधी त्याच्याशी भिडतो, त्यातून मिथाइल मूलक सुटतो आणि आलेखावर चारऐवजी सहा शिखरांचा वेगळा नमुना येतो.

सिंगलेट ऑक्सिजनसाठी टेम्प नावाचा सापळा वापरतात. तो टेम्पोमध्ये बदलतो आणि तीन शिखरं दिसतात. पण २०१७ मध्ये बर्कलीच्या संशोधकांनी दाखवलं की प्लाझ्मातला सुटा ऑक्सिजन अणूही टेम्पपासून टेम्पो बनवतो. त्यामुळे तीन शिखरांवरून एकाचं नाव घेता येत नाही. इथे जड पाणी कामी येतं. साध्या पाण्याऐवजी ड्युटेरियमचं पाणी वापरलं तर सिंगलेट ऑक्सिजनचं आयुष्य साडेतीन मायक्रोसेकंदांवरून सुमारे वीस पटींनी वाढतं. संकेत खरंच त्याचा असेल तर जड पाण्यात तो ठळकपणे वाढायला हवा. अॅझाइड घालून सिंगलेट ऑक्सिजनला निष्प्रभ करायचा मार्गही आहे. पण अॅझाइड हायड्रॉक्सिललाही गिळतं, म्हणून त्या एकट्या प्रयोगावर विसंबत नाहीत.

खुणेचा ऑक्सिजन

इथपर्यंत ‘काय आहे’ हा प्रश्न होता. ‘कुठून आलं’ याचं उत्तर कोणताही रंग देऊ शकत नाही, कारण वायूतून आलेला ऑक्सिजन आणि पाण्यातून सुटलेला ऑक्सिजन रासायनिकदृष्ट्या एकच. इथे समस्थानिकांना बोलावतात. यॉर्क विद्यापीठातल्या गटाने २०१६ मध्ये प्लाझ्माच्या जेटमधल्या, म्हणजे झोतातल्या, वायूची आर्द्रता आणि खालचं द्रव पाणी यांच्यात समस्थानिकांचा फरक ठेवला. पाण्यात सापडलेल्या हायड्रॉक्सिल आणि पेरॉक्साइडवर बहुतांशी वायूतल्या वाफेची खूण निघाली. प्लाझ्मा पाण्यावर पडून पाण्याचे रेणू फोडतो हे चित्र अनेकांच्या मनात होतं. त्या जेटपुरतं तरी ते दुय्यम ठरलं.

जर्मनीतल्या बोखुम आणि कील इथल्या प्रयोगांत हेलियमबरोबर ऑक्सिजन-१८ वापरला आणि पाण्यात फिनॉल घातलं. साध्या ऑक्सिजनचा अणुभार १६, त्यामुळे खुणेचा अणू वस्तुमान-वर्णपटात दोन एककांनी जड दिसतो. फिनॉलपासून बनलेल्या पदार्थांत हा जड ऑक्सिजन सापडला. पाण्यातल्या ऑक्सिजनचा भार १६ असल्यामुळे तो अणू पाण्यातून आलेला असणं शक्य नव्हतं. वायूतला सुटा ऑक्सिजन अणू पाण्यात शिरला आणि पाण्याशी न अडकता थेट फिनॉलवर गेला, हे या एका खुणेने सिद्ध झालं.

यंत्र बंद झाल्यावर

पुन्हा त्या बशीकडे येऊ. वीज बंद झाली, पाण्याचा सामू तीन, आणि त्यात पेरॉक्साइड व नायट्राइट दोन्ही आहेत. नायट्रस आम्लाचा पीकेए, म्हणजे ज्या सामूला ते निम्मं आयनरूपात असतं तो, ३.३ च्या आसपास असल्यामुळे बरंचसं नायट्राइट इथे नायट्रस आम्लाच्या रूपात असतं. ते पेरॉक्साइडशी जुळून पेरॉक्सिनायट्रस आम्ल बनतं. त्यातलं सुमारे तीस टक्के फुटून हायड्रॉक्सिल आणि नायट्रोजन डायऑक्साइड हे मूलक सोडतं आणि बाकीचं नायट्रेट होतं. म्हणजे यंत्र बंद झाल्यावरही पाणी हायड्रॉक्सिल तयार करत राहतं. प्राहाच्या प्लाझ्मा भौतिकी संस्थेतल्या पेत्र लुकेश आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये या ‘नंतरच्या’ रसायनाचा वेग मोजला आणि फिनॉलपासून निघणाऱ्या नायट्रोजनयुक्त पदार्थांवरून त्याचा माग काढला. जिवाणू मारण्याचा गुण काही काळ का टिकतो आणि मग का ओसरतो, याचं मोठं उत्तर इथे आहे.

मोजणाऱ्यासाठी याचा अर्थ असा की नमुना घेतल्याची वेळ हा उत्तराचाच भाग आहे. एक मिनिटाने मोजलेलं पाणी आणि एका तासाने मोजलेलं पाणी रासायनिकदृष्ट्या दोन वेगळी पाणी आहेत. म्हणून काळजी घेणारे लोक नमुना उचलताक्षणी त्यात फॉस्फेट बफर घालून सामू सातजवळ आणतात. मग पेरॉक्साइड आणि नायट्राइट यांच्यातली अभिक्रिया जवळपास थांबते, आणि दोन्ही निवांत मोजता येतात. पेरॉक्सिनायट्राइट थेट पकडायला कूमारिन बोरोनिक आम्ल वापरतात. ते पेरॉक्सिनायट्राइटशी पेरॉक्साइडपेक्षा जवळजवळ दहा लाख पट वेगाने भिडतं. हा साक्षीदार चांगला वाटतो, पण पेरॉक्साइड प्रचंड जास्त असेल आणि नमुना तासभर ठेवला असेल तर तोही डगमगतो.

साधं पाणी सोडून

शुद्ध पाण्यात एवढं, तर प्रत्यक्ष वापरातल्या द्रवांत किती! सलाइनमध्ये क्लोराइड असतं. प्लाझ्मातून आलेला ऑक्सिजन अणू क्लोराइडला हायपोक्लोराइट बनवतो, म्हणजे ब्लीचचाच घटक. तो बोरोनिक आम्लालाही खातो आणि इंडिगोलाही. पेशी वाढवायच्या माध्यमांत पायरुव्हेट असेल तर ते पेरॉक्साइड गिळून टाकतं. माध्यमात फिनॉल रेड हा रंग असेल तर तो रंगावर आधारलेल्या मोजणीत स्वतःची भर घालतो. २०११ मध्ये जपानच्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी मेंदूच्या कर्करोगाच्या पेशींवर प्लाझ्मा दिलेल्या माध्यमाचा परिणाम दाखवला. तेव्हापासून अशा प्रयोगांत माध्यमाचा प्रत्येक घटक निकालात भाग घेतो, हे सगळ्यांना मान्य करावं लागलं आहे. पेशींमध्ये सर्रास वापरला जाणारा डीसीएफ हा चमकणारा रंग तर जवळपास कोणत्याही ऑक्सिडीकारकाने पेटतो. ‘काहीतरी झालं’ एवढंच तो सांगतो.

आकडा वाचताना

हे सगळं वाचून असं वाटेल की मोजणीवर भरवसाच ठेवता येत नाही. तसं नाही. भरवसा येतो तो वेगवेगळ्या तत्त्वांवर चालणाऱ्या दोन-तीन पद्धतींनी एकच उत्तर दिलं की. रंगाने सांगितलेलं नायट्राइट आयन क्रोमॅटोग्राफीतही तेवढंच निघालं, तर ते खरं. पेरॉक्साइड नष्ट करणारं कॅटॅलेज हे विकर घातल्यावर पिवळा रंग नाहीसा झाला, तर तो पेरॉक्साइडचाच. जड पाण्यात संकेत वाढला, अॅझाइडने कमी झाला आणि दुसऱ्या कोणत्याही मार्गाने तो समजावता येत नाही, तर सिंगलेट ऑक्सिजनचं नाव घ्यायला हरकत नाही. पदार्थ घालून केलेला प्रयोग आणि तोच पदार्थ मुद्दाम मारून केलेला प्रयोग शेजारी शेजारी ठेवले, की बहुतेक खोट्या साक्षी तिथेच गळतात.

म्हणून उद्या बाजारात प्लाझ्मा दिलेलं पाणी बाटलीत आलं, किंवा एखाद्या बातमीत त्याचे गुण वाचले, तर चार प्रश्न विचारावेत. सामू किती होता? यंत्र बंद झाल्यावर किती वेळाने मोजलं? कोणत्या पद्धतीने मोजलं? आणि त्या पद्धतीला फसवू शकणारे पदार्थ नमुन्यात नव्हते, हे कसं ठरवलं? बाटलीवर ‘दहा मिनिटं प्लाझ्मा दिलेलं’ असं लिहिलेलं असेल, तर ती यंत्राची माहिती झाली. बाटलीतल्या पाण्याबद्दल त्यावरून काहीही कळत नाही, कारण तेच यंत्र, तीच दहा मिनिटं आणि फक्त वेगळी शक्ती एवढ्यावर ओझोनची जागा नायट्राइट घेऊ शकतं. बियाणं भिजवायला कदाचित नायट्रेट हवं असेल, भाजी धुवायला पेरॉक्सिनायट्रस आम्लाचा मारा हवा असेल, आणि जखमेसाठी यांपैकी काही नकोच असेल. ते ठरवायचं तर आधी प्रत्येकाचं नाव आणि प्रमाण खात्रीने माहीत असायला हवं.